मोडीत टाकण्याआधी अंगठी उलटी करून पाहा

संपादक साहेब, नमस्कार,

पेरणी तोंडावर आली की आमच्या दर्यापूर तालुक्यात निम्मी घरं सराफाच्या पायरीवर असतात, बियाण्याला पैसा लागतोच न. मीही गेलो होतो, आजीची अंगठी घेऊन. तिच्या सासऱ्यांची कापसाची अडत होती, तेव्हाची आहे म्हणतात.

सराफानं अंगठी फिरवून पाहिली अन् म्हणाला, "काका, वरतून चांदी लावली हाये, भेसळ हाये, हॉलमार्कबी नाही अन् हे खडे तर मेलेले हायेत." खडे काढून फेकतो, चांदीचं वजन कापतो अन् फक्त सोन्याचे पैसे देतो म्हणे. मी जवळपास हो म्हणलंच होतं, पण बायकोनं अंगठी उचलली अन् सरळ पिशवीत टाकली.

मग नागपूरला इतवारीत एका म्हाताऱ्या कारागिराला दाखवली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं अन् म्हणाला, हा रोझ कट, खडे खरे हिरे आहेत. खालून सपाट, वरून घुमटासारखा, त्यावर तिकोनी पैलू, जास्तीत जास्त चोवीस, आताच्या ब्रिलियंट कटला ५७-५८ असतात म्हणून तो लखलख करतो अन् हा दिव्याच्या उजेडात नुसता मंद उजळतो. चांदी भेसळ नव्हे, पिवळ्या सोन्यात हिरा पिवळट दिसतो म्हणून त्याच्याभोवती चांदी, अन् चांदीनं बोट काळं होऊ नये म्हणून खालून सोनं! तेव्हा दागिन्यात प्लॅटिनम अन् पांढरं सोनं रूढ झालं नव्हतं. एवढं डोकं लावलेलं काम, अन् आमचा सराफ त्याला भेसळ म्हणून राहिला.

एक चूक मात्र आमचीच. दुकानात न्यायच्या आधी बायकोनं अंगठी रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रशनं घासली होती. असल्या जुन्या खड्याची पाठ बहुधा बंद असते, आत चमकीचा पातळ पत्रा असतो, तिथं पाणी शिरलं अन् मधला खडा राखेसारखा झाला. तोच सराफाला मेलेला दिसला. कारागीर म्हणाला, पत्रा बदलता येतो, पण खडा काढताना चांदी तुटायची भीती. जशी आहे तशीच राहू द्या.

अन् हॉलमार्कचं म्हणाल तर २०२१ पासूनची सक्ती सोनं विकणाऱ्या दुकानदाराला आहे, घरचं जुनं मोडणाऱ्या माणसाला नाही, हे आमच्याइकडे कोणालेच माहीत नाही, अन् याच भीतीपायी लोक पडेल त्या भावात देऊन मोकळे होतात.

तुमच्या पेपरात अक्षय तृतीयेला पानभर जाहिरात असते, जुनं द्या नवं घ्या. तिच्या बाजूला चार ओळी छापा न, की खडे वेगळे मोजून मागा, सोनं-चांदीचं वजन वेगवेगळं लिहून घ्या अन् खडा काढला तर तो परत मागा. जाहिरातवाल्यांना राग येईल, पण आम्हीही पेपर विकतच घेतो.

अंगठी डब्यात आहे. सोयाबीनचं बियाणं उधारीवर आणलं.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती