सर्किटआधी चाचणीची जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय दर्जाचे मोटार शर्यतींचे सर्किट व्हावे, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपण नुकतेच प्रसिद्ध केले. त्या मागणीशी माझे भांडण नाही. मात्र नोकरी सांभाळून आणि पदरचे पैसे घालून जुनी गाडी शर्यतीत उतरवणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाची अडचण याहून कितीतरी साधी आहे आणि ती दूर करायला खर्चही फार येणार नाही. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे अलीकडेच झालेल्या शर्यतीत माझ्या गाडीची जी दशा झाली, ती थोडी तपशिलाने सांगितली तर माझे म्हणणे स्पष्ट होईल.

तिथले सर्किट १९९० साली सुरू झाले. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आहे. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. पुण्याहून इरुंगाट्टुकोट्टई अकराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे गाडी ट्रकवर चढवून, सुटे भाग, टायर आणि दोन मेकॅनिक बरोबर घेऊन निघावे लागते. गाडी तेराशे सीसी इंजिनाची, उत्पादन केव्हाच बंद झालेली सेदान आहे. निघण्यापूर्वी ती डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासली होती आणि तिच्या ताकदीचा आलेख पाहून गॅरेजमधले सगळेच खूश झाले होते.

शुक्रवारच्या सरावात काही फेऱ्यांतच ब्रेकचे पेडल तळाला टेकू लागले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पुण्याचा एक पावसाळा पाहिलेले ऑइल रोजच्या रस्त्यावर काहीच तक्रार करत नाही, पण सर्किटवर एकामागून एक जोरात ब्रेक लावले की ते कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळ ब्रेकची चकती आवळणाऱ्या भागात, उकळते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल दाबले तरी दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. नवे ऑइल भरून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून गाडी उभी करेपर्यंत सरावाची वेळ संपली होती.

शनिवारी पात्रता फेरीत इंजिन मध्येच दम तोडू लागले, तेही फक्त लांब उजव्या वळणांवर. आम्ही प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरिंग चाचपले. अशा वेळी पिटमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो आणि प्रत्येक सल्ला ठाम असतो. अखेरीस उमगले ते असे की, वजन वाचवण्यासाठी टाकीत बेताचे ठेवलेले पेट्रोल वळणात एका बाजूला सरकत होते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येत होती. टाकीत पेट्रोल वाढवल्यावर दोष गेला, पण तोवर फेरी संपून आमचे स्थान शेवटच्या रांगेत ठरले होते.

रविवारी शर्यतीत गाडी निदान धावली. पहिल्या वळणाला तिकडे सी-वन म्हणतात. ते वेगाचे, लांब उजवे वळण आहे. तेथे तेलदाबाचा लाल दिवा प्रत्येक फेरीला क्षणभर लुकलुकायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. मग इंजिनातून ठोकण्याचा आवाज येऊ लागला आणि मी गाडी कडेला घेतली. पुण्यात परत आल्यावर इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे चेंबर उघडले, तेव्हा तेलात धातूची चकचकीत भुकटी होती आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे शेल खरवडून निघाले होते.

कारण गूढ नाही. चांगल्या टायरवर वळणात गाडीच्या वजनाइतके आडवे बळ येऊ शकते आणि तेवढे बळ आले की चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. ऑइल पंपाची जाळी उघडी पडते आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटतो. चेंबरमध्ये आडपट्ट्या बसवून हे बरेच टाळता येते. पण त्या कुठे आणि किती हव्यात, हे गाडी तशा वळणात धरून, तेलदाबाच्या काट्यावर डोळा ठेवल्याशिवाय कळत नाही. डायनोवर गाडी जागच्या जागी समतल उभी असते, म्हणून तेथे यातले काहीही दिसले नाही. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, शिवाय इतरांच्या जिवाशी खेळून चाचणी घेण्याचा विचारही मला मान्य नाही. परिणाम असा की आमची गाडी खऱ्या ताणाखाली पहिल्यांदा जाते ती थेट शर्यतीत, आणि मोडतेही तिथेच, घरापासून अकराशे किलोमीटरवर.

आता खरा मुद्दा. एवढे आडवे बळ निर्माण करायला सर्किट लागत नाही आणि फार वेगही लागत नाही. ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी सुमारे ६२ किलोमीटर वेगाने गाडी फिरवली की ते मिळते. म्हणजे साधारण ऐंशी मीटर लांब-रुंद, सपाट, डांबरी किंवा काँक्रीटचे रिकामे आवार पुरे. माझ्या तीन दोषांपैकी पेट्रोलचा आणि तेलाचा असे दोन दोष तेथे एका सकाळीत सापडले असते. ब्रेकसाठी एखाद्या वापरात नसलेल्या धावपट्टीचा सरळ पट्टा मिळाला तर उत्तमच, पण ती पुढची गोष्ट.

देशाच्या वाहन उद्योगाचा मोठा भाग ज्या चाकण-पिंपरी-रांजणगाव पट्ट्यात आहे आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था ज्या पुण्यात १९६६ पासून आहे, तेथे हौशी माणसाला असे आवार शोधूनही मिळू नये, याचे मला नवल वाटते. कारखान्यांची आवारे आणि प्रदर्शन मैदानांची वाहनतळे सुटीच्या दिवशी मोकळी असू शकतात. भव्य सर्किटाच्या मागणीबद्दल मी थोडा साशंक आहे, त्याचे कारणही सांगून टाकतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या आणि पुढे त्या थांबल्या. एवढी मोठी वास्तू चालवण्याचा खर्च हौशी लोकांच्या वर्गणीतून निघत नाही.

म्हणून राज्याचा क्रीडा विभाग, औद्योगिक विकास महामंडळ आणि मोटार क्रीडेतील क्लब यांनी एकत्र बसून, दोन महिन्यांतून एका रविवारी सकाळी असे एखादे आवार भाड्याने उपलब्ध करून द्यावे, ही विनंती. एका वेळी वर्तुळात एकच गाडी, चालकाला हेल्मेट आणि पट्टे सक्तीचे, जागेवर अग्निशामक आणि रुग्णवाहिका, गाडीच्या आवाजाला मर्यादा, असे नियम आम्ही आनंदाने पाळू आणि भाडेही भरू. ज्यांच्या ताब्यात असे आवार आहे त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवले, तर पुण्यातील हौशी चालकांना एकत्र आणण्याचे काम मी करीन.

आपला,
एक हौशी मोटार शर्यतपटू, चिंचवड