पनवेल गाडीतल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. दादर स्टेशनच्या फलाटावर आईच्या हातातली हॉस्पिटलची फाइल बघून "खारघरला निघालात का?" असं विचारणारे, कुबड्या घेऊन रोज बेलापूरच्या ऑफिसला जाणारे दादा, एवढीच तुमची ओळख माझ्यापाशी आहे. तुम्हाला ओळखणाऱ्या कुणी हे पत्र वाचलं तर तुमच्यापर्यंत नक्की पोहोचवावं, ही विनंती.

आम्ही परभणीकडचे. देवगिरी एक्सप्रेसने दादरला उतरलो, गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळाला, परळला टाटा हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. तिथपर्यंतचं सगळं जवळच होतं. मग आईला शेक, म्हणजे रेडिएशन, टाटाच्याच खारघरच्या केंद्रात घ्यायचा ठरला आणि माझे हातपाय गार पडले. खारघर म्हणजे पार खाडीपलीकडे. लोकांना विचारलं, तर कुणी वडाळ्याहून जा म्हणालं, कुणी कुर्ल्याहून, कुणी आधी वाशीला उतरा म्हणालं. सगळे आपलेपणानेच सांगत होते. पण कोणता रस्ता का धरायचा, हे कुणी सांगत नव्हतं. आजारी माणूस सोबत असताना तेच तर कळायला हवं असतं.

ते तुम्ही सांगितलंत. दादरच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, आता १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, म्हणून तोंडी नंबरावर जाऊ नका, पाटी बघा, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा सकाळपासूनचा अर्धा गोंधळ तिथेच मिटला. जलद गाडीही कुर्ल्याला थांबते, पण आईंना घेऊन धीमीच धरा, माटुंगा, शीव आणि मग कुर्ला, उतरायला धांदल होत नाही, हे सांगितलंत. आणि वडाळा का नको, तेही. वडाळ्याला हार्बर मार्गाच्या लोकल गाड्या फुटतात, काही गोरेगावकडे जातात, काही पनवेलकडे. कुर्ल्याला पनवेलच्या दिशेच्या हार्बर फलाटावर गोरेगावकडे जाणारी गाडी येत नाही, त्यामुळे नवख्या माणसाने कुर्लाच धरावं. तिथेही वाशी किंवा बेलापूर लिहिलेली गाडी आली तर सोडून द्यायची, कारण ती खारघरच्या अलीकडेच संपते. पनवेलचीच घ्यायची. हे ऐकल्यावर मला पाठ करावंच लागलं नाही. कारण कळलं की वाट आपोआप लक्षात राहते.

दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णाला जाता येतं, सोबतीच्या माणसालाही, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आई मला म्हणत होती, आपण साध्याच डब्यात उभ्याने जाऊ, दुसऱ्याची जागा कशाला अडवायची. तुम्ही तिला म्हणालात, "मावशी, ही जागा तुमचीच आहे. फाइल आणि तिकीट तेवढं हाताशी ठेवा, टीसीने विचारलं तर दाखवायचं." फलाटावर टूं टूं असा आवाज येत राहतो, तो डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी असतो आणि हा डबा नेमका तिथेच थांबतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्यानंतर आम्ही प्रत्येक स्टेशनात आधी तो आवाज शोधायचो.

डब्यात धडधाकट तरुण बसले होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. स्वतः उभे होतात, तरी आधी आईसाठी जागा मागितलीत, आणि ती बसल्यावर मग स्वतःसाठी. दादा, हे मी कधी विसरणार नाही. त्या डब्यातली जागा तुम्हाला रोज अशी मागून घ्यावी लागत असेल, तर ते बरोबर नाही. लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे की गाडी कितीही भरलेली असली तरी त्या डब्यात चढू नका.

कुर्ल्याच्या पुलावर तुम्ही आईच्या चालीने चाललात. तुमची नेहमीची गाडी समोरून निघून गेली, ती तुम्ही जाऊ दिलीत. मानखुर्द सुटल्यावर खाडी आली. आईने एवढं पाणी पहिल्यांदाच पाहिलं. १९९२ मध्ये हा रेल्वेमार्ग वाशीपर्यंत आला, त्याआधी पलीकडे जायला रस्त्याचा पूलच होता, हे तुम्ही तिला सांगत होतात आणि ती लहान मुलीसारखी विचारत होती की पुलाखाली होड्या जातात का, भरती कधी येते. दुखणं कळल्यापासून ती आजाराशिवाय दुसरं काही बोललीच नव्हती.

बेलापूरला उतरताना तुम्ही म्हणालात, "आता पुढचंच स्टेशन तुमचं. बाहेर बस मिळेल, रिक्षाही मिळेल." दादरला रिक्षा का दिसत नाही हे कोडं मला पडलेलंच होतं, वांद्रे-शीवच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, रिक्षाच चालत नाहीत, टॅक्सीच करावी लागते, हेही तुम्ही जाता जाता उलगडलंत. आणि दारातून वळून शेवटचं: "रविवारी निघायचं असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का ते आदल्या दिवशी बघा."

त्यानंतर आम्ही दोघी एकट्या जाऊ-येऊ लागलो. सकाळची मोठी गर्दी मुंबईकडे येणारी आणि आमची दिशा उलटी, त्यामुळे आईला त्या मानाने त्रास कमी झाला, हेही तुम्ही म्हणाला होतात तसंच. पुढे धर्मशाळेत नव्याने आलेल्यांना मी हे सगळं कारणांसकट सांगत असे. बिहारहून आलेल्या एका कुटुंबाला हिंदीत लिहून दिलं, तेव्हा सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वाशी नाही, बेलापूर नाही, फक्त पनवेल.

आईचा शेक पूर्ण झाला आहे. जेवण जातं, अंगणात फिरते. तुम्हाला काही द्यायचं राहून गेलं म्हणून तिने शेंगदाण्याची चटणी कुटून वेगळी काढून ठेवली आहे. तपासणीला पुन्हा यायचं आहे, तेव्हा सकाळी तुमच्याच वेळेला दादरच्या फलाटावर, त्या आवाजापाशी उभ्या राहू. आईचे केस आता परत आलेत, त्यामुळे तुम्ही कदाचित तिला ओळखणार नाही. पण ती तुम्हाला ओळखेल.

तुमची,
परभणीची बहीण