लातूरला शिकणाऱ्या लेकीस

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "वाचते, पण डोक्यात काही शिरत नाही. बायोलॉजीचं पुस्तकसुद्धा उघडावंसं वाटत नाही. सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही." रूमवर मुली होत्या, तुला मोकळं बोलता येईना, म्हणून लिहिते.

थकवा, अभ्यासावरून उडालेलं मन आणि आपण कमी पडतो ही टोचणी. फिनलंडमधले संशोधक शाळकरी मुलांचा मानसिक थकवा तपासताना नेमक्या याच तीन गोष्टी विचारतात. तिथे शालेय शिक्षण संपताना होणाऱ्या परीक्षेपर्यंत देशपातळीवरची एकही मोठी परीक्षा नसते, तरी तिथल्या मुलांनाही हे होतं. मग तुझ्यातच काही खोट आहे असं का धरून बसतेस?

दक्षिण कोरियात नोव्हेंबरात 'सुनुंग' ही प्रवेश परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना देशभरातल्या विमानांचं उडणं-उतरणं थांबवतात. कौतुकाने सांगतात लोक हे. मला मात्र त्या पोरांचं वाईट वाटतं. आपल्यासाठी विमानं थांबली आहेत हे माहीत असताना चुकायचं तरी कसं? सोलमध्ये खासगी क्लास रात्री १० ला बंद करा, असा नियमच करावा लागला. चीनने जुलै २०२१ मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या शालेय विषयांच्या शिकवण्यांवर बंदी आणली. पण कॉलेजप्रवेशाची 'गाओकाओ' परीक्षा तशीच राहिली, त्यामुळे शिकवण्या चोरून आणि जास्त पैसे घेऊन चालू लागल्या. आपल्याकडचंही तेच आहे गं. २०२४ ला नीट देणारी मुलं २३ लाखांहून जास्त, आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. मन लावून अभ्यास केलेली कितीतरी मुलं बाहेर राहणारच, हा हिशेब तुझ्या क्लासच्या फलकावर कुणी लिहीत नाही.

२०१५ च्या 'पिसा' या अनेक देशांतल्या शालेय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटात सरासरी ५५ टक्के मुलं म्हणाली की तयारी चांगली असली तरी परीक्षेआधी फार धास्ती वाटते. मुलींना जास्त. पण वर्गात उभी राहणारी बाई म्हणून मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटली. परीक्षा किती होतात याचा या धास्तीशी संबंध दिसला नाही. शिक्षक अडलेल्या मुलाला मदत करतात का, याचा दिसला. तेव्हा डाउट विचारल्यावर "एवढंही येत नाही?" म्हणणाऱ्या सरांकडे जाऊच नकोस. केमिस्ट्रीच्या मॅडम समजावून सांगतात म्हणालीस ना, त्यांच्याकडे जा, दहादा जा.

आणि झोप. दीडला झोपून सहाला उठणं आजपासून बंद. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. ही विनंती नाही, आईचा हुकूम आहे.

मला किंवा बाबांना सांगवत नाही असं काही मनात आलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लाव. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. रात्री-अपरात्री आम्हाला उठवलंस तरी चालेल.

नीटचा निकाल काय लागायचा तो लागेल. नाहीच जमलं तर पुढचं आपण तिघं बसून ठरवू. त्या बोलण्यात फीचे पैसे कुणी काढणार नाही, हे बाबांनीच तुला कळवायला सांगितलंय.

शनिवारी बाबा येतायत. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते. रविवारची टेस्ट सोडून घरी यावंसं वाटलं तर त्यांच्याबरोबर सरळ निघून ये, क्लासला मी फोन करते.

तुझी,
आई