सभासदांसाठी सूचना : आळीच्या रस्त्याची पाहणी

रत्नागिरीतील आपल्या आळीच्या रस्तासुधारणेबाबत नगरपरिषदेस निवेदन द्यावयाचे असल्याने, सर्व सभासदांनी येत्या रविवारी सकाळी सात वाजता आळीच्या तोंडाशी जमावे. कागदावर चर्चा करण्याआधी रस्ता पायी पाहिलेला बरा. पावसाचे पाणी कोठे तुंबते, गटारावरील कोणती फरशी खचली आहे आणि मासळी विकणाऱ्या बायका कोठे बसतात, हे ज्याने त्याने आपल्या दारापुरते लिहून आणावे. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे ती मिळणे कठीण, तरी मागणी करावीच. विक्रेत्यांना हटवण्याचा विषय मात्र कोणी काढू नये, कारण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत तसे करता येत नाही.

— सचिव