कुंपणभिंत आणि पिंपळाची मुळे

सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या कुंपणभिंतीला पिंपळाजवळ पडलेली भेग आता बोट जाईल एवढी रुंद झाली आहे आणि भिंत गल्लीकडे कलली आहे. दुरुस्ती होईपर्यंत तिथे गाड्या लावू नका, मुलांना खेळू देऊ नका.

कृपया कोणीही परस्पर मुळे तोडू नयेत किंवा त्यांवर अ‍ॅसिड, मीठ टाकू नये. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाडाला इजा करणे हेही वृक्षतोडीतच मोडते. त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. शिवाय खोडालगतचे जाड मूळ तोडले, तर वादळी पावसात झाड उन्मळून पडू शकते. इतके जुने, सावली देणारे झाड आपल्याला गमवायचे नाही. म्हणून भिंतीचा तेवढा भाग उतरवून, मुळावरून आरसीसी बीम टाकून, खाली मोकळी जागा ठेवून ती पुन्हा बांधावी, असा प्रस्ताव आहे. रविवारच्या सभेत निर्णय घेऊ, जरूर या.

गच्चीच्या कठड्यात, पाइपांमागे पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेली पिंपळ-उंबराची रोपे दिसली, तर लहान असतानाच मुळासकट काढा आणि फट सिमेंटने बुजवा. नुसता शेंडा खुडला तर ती पुन्हा फुटतात.

– सचिव