जप्ती आधी आणली म्हणून पैसा आधी मिळत नाही

मा. संपादक,

खेडा खरेदीतला (गावोगाव जाऊन शेतमाल घेणारा) व्यापारी बुडाला की चोपड्यापासून शिरपूरपर्यंत जो तो आपापला दावा घेऊन कोर्टात धावतो. ज्याची जप्ती आधी, माल त्याचा, हा समज फार जुना आहे आणि दर हंगामात शेतकऱ्यांना नडतो. याज्ञवल्क्याने कर्ज घेतल्याच्या क्रमाने फेड सांगितली होती, त्यातही ब्राह्मण आणि राजा आधी. १९२० च्या प्रांतिक नादारी (दिवाळखोरी) कायद्याने सरकारी देणी आणि नोकरांचा थोडा पगार (तेव्हा २० रुपयांपर्यंत) पुढे ठेवला. तारण नसलेले बाकीचे धनको (घेणेकरी) एका पंगतीला, प्रमाणात वाटणी. व्यक्ती आणि भागीदारी पेढीसाठी आजही हाच कायदा आहे.

कज्जे होत आले ते तारखेवरून. नादारी अर्ज दाखल करून घेण्याआधी लिलावाचा पैसा हाती आला असेल तरच दरखास्तदाराचा (हुकूमनामा मिळवून जप्ती आणणाऱ्याचा) फायदा टिकतो. कापसाच्या गाठी नुसत्या जप्त असतील तर त्या रिसीव्हरकडे (नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) जातात; दरखास्तदाराला त्यातून आधी मिळतो तो फक्त दाव्याचा व दरखास्तीचा खर्च. गहाणदार बँकेचे तारण मात्र अबाधित.

व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या चोपड्यांकडे तर फारच दुर्लक्ष होते. साध्या जप्तीत हिशेबाच्या वह्यांना हात लावता येत नाही, नादारीत त्या रिसीव्हरच्या ताब्यात येतात. मेहुण्याच्या नावावर मागाहून दाखवलेले कर्ज खतावणीत (खातेवार वहीत) सहज बसते. पण रोजमेळात (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) आजची शिल्लक उद्याच्या पानावर चढलेली असते. एक रक्कम घुसवली की पुढच्या प्रत्येक पानावरची शिल्लक खोडावी लागते. शिवाय नुसत्या वहीतल्या नोंदीने देणे शाबीत होत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला मुद्दाम झुकते माप देऊन चुकते केले असेल, किंवा दोन वर्षांत बायकोला बक्षीसपत्र दिले असेल, तर तेही रद्द करून घेता येते.

देणी चुकवण्यासाठी व्यापाऱ्याने घर सोडले की तीन महिन्यांच्या आत धनकोंचा नादारी अर्ज पडलाच पाहिजे. मूळ कायद्यात ५०० रुपयांचे घेणे पुरे आहे, तेही अनेकांचे मिळून चालते. प्रत्येकाने काटा पावती (मालाच्या वजनाची पावती) जोडून आपल्या घेण्याचे शपथपत्र द्यावे. रजिस्टर पोस्टाने पाठवले तरी चालते. ज्याने दिले नाही, त्याचे नाव धनकोंच्या यादीत येत नाही.

– एक दिवाणी वकील, जळगाव