आकाशवाणीचा महिन्याचा कार्यक्रम श्रोत्याच्या हाती द्यावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या केंद्राचे उद्घाटन केले, त्याला २०२७ च्या २३ जुलैला शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दी म्हटली की बोधचिन्ह येते, टपाल तिकीट येते, जपून ठेवलेली ध्वनिमुद्रणे बाहेर निघतात आणि ज्येष्ठ निवेदकांचे सत्कार होतात. ते सर्व व्हावेच. माझी मागणी मात्र त्याहून पुष्कळ स्वस्तातली आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक आकाशवाणी केंद्राने पुढच्या महिन्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण बोलणार आणि कोण गाणार हे महिना लागण्यापूर्वी एका छापील पत्रिकेतून श्रोत्यांना कळवावे, आणि महिन्यातून एकदा त्यांना केंद्रात बोलवावे, एवढीच ती मागणी आहे.

यात नवे काही नाही. मुंबई केंद्र सुरू झाले त्याच वर्षी ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ ही कार्यक्रमपत्रिकाही निघू लागली होती. १९३५ मध्ये तिच्या जागी ‘इंडियन लिसनर’ आले आणि १९५८ मध्ये त्याचेच नाव ‘आकाशवाणी’ झाले. तिचे जुने अंक चाळले, तर देशभरातल्या केंद्रांची सभावार (म्हणजे दिवसातल्या प्रसारणाच्या प्रत्येक सत्राची) नोंद, गायकाचे नाव, राग आणि साथीदार हे सारे बारीक अक्षरांत छापलेले दिसते. मराठी वर्तमानपत्रांतूनही आतल्या पानावर ‘आजचे आकाशवाणी कार्यक्रम’ अशी चौकट असे. आमच्या घरी ती कात्रीने कापून रेडिओच्या झाकणाखाली सरकवून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. आज काही केंद्रे समाजमाध्यमांवर दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रम टाकतात, ते चांगलेच आहे. परंतु ज्याने त्या पानाचा आधीच माग ठेवला आहे त्यालाच ते दिसते, आणि तेही फार तर आदल्या संध्याकाळी.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री झोपण्यापूर्वी सवयीने रेडिओ लावला, तर एका दिवंगत गायिकेच्या फार जुन्या मैफलीची शेवटची तीन-चार मिनिटे चालू होती. भैरवी संपली, निवेदिकेने नाव सांगितले आणि सौ. म्हणाली, “अहो, तासभर हे चालू होतं आणि आपण मालिका बघत बसलो!” केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण हे कोणत्याही केंद्राच्या बाबतीत घडू शकते. केंद्राने ते ध्वनिमुद्रण कपाटातून काढले, स्वच्छ केले, वेळ राखून लावले. म्हणजे कष्टाचे सगळे काम केले आणि सांगायचे तेवढे राहून गेले. आकाशवाणीच्या कामकाजाची थोडी माहिती असलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की कार्यक्रमांचे वेळापत्रक तिमाहीच्या हिशोबाने आगाऊ ठरते, वक्त्यांना व कलाकारांना करारपत्रे आधी जातात आणि प्रत्येक सभेचा क्यू शीट, म्हणजे कोणत्या वेळी काय लावायचे त्याचा तक्ता, तयार असतो. छापायचा मजकूर केंद्राच्या टेबलावर असतोच, तो फाटकाबाहेर येत नाही इतकेच.

हे दुसरीकडे कसे चालते ते मी २०१९ च्या उन्हाळ्यात शिकागोजवळ मुलीकडे राहिलो तेव्हा जवळून पाहिले. तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीचे नाव डब्ल्यूटीटीडब्ल्यू. ही अक्षरे ‘जगाकडे उघडणारी खिडकी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत, हे मला जावयांनी सांगितले. तिच्याच संस्थेचे डब्ल्यूएफएमटी हे अभिजात संगीताचे रेडिओ केंद्र आहे. मुलगी दरवर्षी ठराविक रक्कम भरून सदस्य झालेली असल्याने दर महिन्याला टपालाने ‘द गाइड’ नावाची पुस्तिका घरी येई. तिच्यात महिनाभराचे दूरचित्रवाणी आणि रेडिओचे कार्यक्रम असत, त्यांतल्या दोन-चार कार्यक्रमांविषयी थोडे विस्ताराने लिहिलेले असे, शिवाय सदस्यांसाठी एखादा आगामी माहितीपट आधी दाखवला जाणार असेल किंवा कोणाशी गप्पा ठरल्या असतील, तर त्याची तारीख असे. मुलीने ती पुस्तिका फ्रीजवर चुंबकाने अडकवली होती आणि नातीने स्वतःच्या कार्यक्रमांभोवती लाल पेनने गोल केले होते. मला सगळ्यात मौज वाटली ती या गोष्टीची की डब्ल्यूएफएमटीच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेतूनच पुढे ‘शिकागो’ नावाचे शहराचे मासिक उभे राहिले. श्रोत्याला वेळापत्रक देता देता त्या मंडळींनी एक वाचकवर्ग घडवला.

त्या मुक्कामात एका बुधवारी आम्ही शहराच्या कल्चरल सेंटरमध्ये डेम मायरा हेस यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलीला गेलो. मायरा हेस या इंग्लंडच्या पियानोवादक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मैफली चालवल्या. त्यांच्या नावाने शिकागोत १९७७ पासून दर बुधवारी सव्वाबाराला विनामूल्य मैफल होते आणि डब्ल्यूएफएमटी ती थेट प्रसारित करते. सदस्यत्व, पास, ओळख काहीही लागत नाही. रंगीत काचांच्या प्रचंड घुमटाखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या. कचेरीतून आलेले लोक, हातात डबा घेतलेले दोघे-तिघे, माझ्यासारखे काठी टेकत आलेले आजोबा असा सगळा मेळ होता. सव्वाबाराला निवेदकाने ध्वनिक्षेपकासमोर वाद्यवृंदाचे नाव उच्चारले आणि त्या क्षणी मोबाइलवर बोटे फिरवणारी आसपासची माणसे थबकली, कारण आपण आता केवळ प्रेक्षक नाही, आपला खोकलासुद्धा शहरभर ऐकू जाणार आहे, हे प्रत्येकाला कळले. मी चाळीस वर्षे रेडिओ ऐकला, पण प्रसारणाच्या आत बसण्याचा अनुभव तो पहिला.

आपल्याकडे असे काही नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ पासून निमंत्रित श्रोत्यांसमोर होत आले आहे, आणि तेथे गायलेले पुढे प्रसारितही होते. अडचण ‘निमंत्रित’ या शब्दात आहे. ज्याला केंद्रातले कोणी ओळखते, त्याला निमंत्रण मिळते. मिळू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याने ओळखीशिवाय, फक्त कानांनी, त्या केंद्राशी पन्नास वर्षे नाते ठेवले, तो यादीत कुठे असतो?

सदस्यत्व हा शब्द काढला की लगेच देणगीचा विषय निघतो, म्हणून खुलासा करतो. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी केंद्रीय निधी वाटणारे महामंडळ स्थापन झाले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने त्या महामंडळाचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी मागे घेतला आणि पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला महामंडळाने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रांना निदान सदस्यांच्या वर्गणीचा आधार आहे, पण ग्रामीण भागातील छोटी केंद्रे याच निधीवर अधिक अवलंबून होती. यावरून मी एवढेच म्हणतो की श्रोत्यांच्या देणग्यांवर सार्वजनिक प्रसारण सोपवणे आपल्या तालुक्यांना परवडणारे नाही. आकाशवाणी सरकारी तिजोरीतूनच चालावी. मला सदस्य हवा आहे तो वहीत नाव असलेला माणूस म्हणून.

कारण एके काळी आपण सगळेच सदस्य होतो. माझ्या वडिलांच्या नावाचे रेडिओ परवान्याचे पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन पंधरा रुपये भरायचे, कारकून पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारायचा. घरी रेडिओ आहे पण परवाना नाही, हा गुन्हा होता, आणि तपासनीस आल्याची आवई उठली की शेजारच्या वाड्यात संच धान्याच्या कणगीमागे जायचा. १९८० च्या दशकात हे परवाने रद्द झाले आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यात मीही होतो. पण त्याबरोबर कोणत्या गावी, कोणत्या घरी आपले ऐकले जाते याची केंद्राजवळ असू शकणारी एकमेव नोंदही गेली. आणखी मागे गेले तर असे दिसते की १९२७ ची ती खासगी कंपनी परवानाशुल्काच्याच भरवशावर सुरू झाली होती. परवानेधारकच पुरेसे मिळाले नाहीत, म्हणून १९३० मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला आणि कारभार सरकारकडे आला. श्रोता जोडता न आल्याने बुडालेली संस्था हीच आपल्या प्रसारणाची पूर्वपीठिका आहे.

श्रोता जोडण्याचा सर्वांत यशस्वी प्रयोगही महाराष्ट्रातच झाला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने आसपासच्या जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. सुमारे वीस-वीस जणांचे मंडळ कंदिलाच्या उजेडात रेडिओभोवती बसे, अर्धा तास ऐके, मग त्यावर आपसांत चर्चा करी आणि चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवी. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या वेळी असलेल्या पॉल न्यूराथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना नसलेल्या गावांशी केली, तेव्हा मंडळांच्या गावांत शेतीविषयक माहिती ठळकपणे वाढलेली आढळली. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत तेवढी वाढ दिसली नाही, आणि मला या प्रयोगातले हेच सर्वांत बोलके वाटते. एकत्र बसण्याने फरक पडला होता. हा प्रयोग १९५९ मध्ये देशभर नेण्यात आला. कोणत्या वारी, किती वाजता काय लागणार हे मंडळाला आगाऊ ठाऊक नसते, तर नांगर सोडून आलेली वीस माणसे एका जागी जमलीच नसती.

यावर केंद्रातील अधिकारी म्हणतील की माणसेच नाहीत. ते खरे आहे. अधिकारी निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात आणि पुष्कळसे काम हंगामी निवेदकांच्या बळावर चालते. म्हणूनच मी मासिक मागत नाही, एका कागदाची दोन्ही बाजूंनी छापलेली घडीपत्रिका मागतो. ती केंद्राने पीडीएफ स्वरूपात तयार केली, तरी राज्यातील हजारो शासनमान्य ग्रंथालये सूचनाफलकासाठी तिची प्रत काढू शकतील. एसटी स्थानक, बाजार समिती, टपाल कचेरी या आणखी तीन जागा सहज सुचतात. प्रसारण पायाभूत सुविधांच्या ‘बाइंड’ योजनेला केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९.६१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रक्षेपक, स्टुडिओ, डिजिटल यंत्रणा यांसाठी तो खर्च आवश्यकच आहे. ज्या प्रसारणासाठी एवढे सगळे उभे करायचे, ते कधी ऐकायचे हे सांगायला एक कागद फार नाही.

श्रोत्यांच्या दिवसासाठी तर खर्चच नाही. महिन्यातला एखादा रविवार ठरवावा, पंचवीस-तीस जणांना नाव नोंदवून येऊ द्यावे, स्टुडिओचा जाड दरवाजा मिटल्यावर बाहेरचा रस्ता कसा नाहीसा होतो ते दाखवावे आणि त्याच वेळी एखादे कथावाचन किंवा अर्ध्या तासाची मैफल त्यांच्यासमोर ध्वनिमुद्रित करावी. शेवटची पंधरा मिनिटे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी फक्त ऐकून घ्यावे. आमच्या सूचनांतल्या निम्म्या निरुपयोगी असतील, कारण जो तो आपल्या आवडीच्या गायकासाठी भांडेल. ‘आपली आवड’ या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डे पाठवणाऱ्या पिढीला भांडण्याची सवय आहे. सुरुवातीला १२ नोव्हेंबर हा दिवस घ्यायला हरकत नाही. १९४७ मध्ये या दिवशी महात्मा गांधींनी दिल्लीच्या प्रसारण भवनातून कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांना उद्देशून भाषण केले, म्हणून तो लोकसेवा प्रसारण दिन मानला जातो. तेव्हाही ऐकणारे एकत्र जमले होते, आणि समोर माणूस नसताना बोलणे गांधीजींना नवखे होते.

शेवटची विनंती आकाशवाणीला नाही, आपल्याला आहे. आपल्या वर्तमानपत्रात दूरचित्रवाणी वाहिन्यांवरील चित्रपटांच्या वेळा रोज येतात, राशिभविष्य येते, सोन्याचा भाव येतो. त्याच पानावर आपल्या विभागातील आकाशवाणी केंद्राच्या त्या दिवसाच्या चार-पाच मुख्य कार्यक्रमांना सहा ओळींची जागा द्यावी. केंद्राकडून यादी वेळेवर मिळत नाही अशी अडचण असेल, तर आमच्या गावातील आम्ही तिघे निवृत्त शिक्षक आठवड्यातून एकदा केंद्रात जाऊन ती उतरवून आणायला आणि आपल्या कार्यालयात पोचवायला तयार आहोत. कात्री माझ्याकडे अजून आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व नियमित श्रोता,
जि. सातारा